बाईंच्या सायकलीला लोकर आली

साळवे बाई नसत्या तर मी बी.ए. झालो नसतो, आणि त्यांच्याच सायकलीला मी लोकर आणली.

(लोकर म्हणजे मेंढीच्या अंगावर असते तीच. छपाईची चूक नाही.)

आधी बाईंबद्दल सांगतो, म्हणजे पुढे मी एवढा का घाबरलो ते कळेल. बाई आम्हाला सेलूच्या शाळेत मराठी शिकवायच्या. त्या कधी रागावत नसत, मारत नसत. वहीत चूक दिसली की तिच्याखाली एक सरळ रेघ ओढायच्या, वही मिटून हातात द्यायच्या आणि म्हणायच्या, "पुन्हा करून आण." बस्स, एवढंच. छडी खाल्लेलं पोरगं संध्याकाळपर्यंत विसरून जातं. 'पुन्हा करून आण' ऐकलेलं पोरगं जेवताना मध्येच दचकतं. मी आता इथल्याच एका महाविद्यालयात ग्रंथपाल आहे. आमच्या घराण्यात पुस्तकांना हात लावून पगार घेणारा मी पहिलाच. तरीही प्राचार्यांसाठी एखादा मजकूर लिहून झाला की मी आजही एकदा मागे वळून बघतो, बाई उभ्या नाहीत ना!

आठवीत मी शाळा सोडायच्या बेतात होतो. आमचं गाव आडबाजूला. एस.टी. आली तर आली, नाहीतर पायी. चालून चालून मी इतका दमायचो की वर्गात बसल्या बसल्या डोळा लागायचा. ही बातमी आबांपर्यंत, म्हणजे माझ्या वडिलांपर्यंत, पोचली. त्यांनी शांतपणे विचार केला आणि ठरवलं की पोराला झोपायचंच असेल तर शेतात झोपू दे, निदान राखण तरी होईल.

त्यानंतरच्या रविवारी बाई आमच्या गावात एस.टी.तून उतरल्या. कंडक्टरने टपावरून एक सायकल खाली दिली. ती बाईंच्या मुलाची, मिलिंददादांची, बी.एम.एक्स. होती. त्या काळी शहरातल्या मुलांना या सायकलीचं वेड होतं. चाकं लहान, टायर जाड, दांडीवर स्पंजची गादी, आणि हँडल मात्र असं रुंद आणि उंच की सायकलीला ते दुसऱ्याच कुणाचं तरी बसवलंय असं वाटावं. मिलिंददादा तिच्यावरून एकदा पडले होते आणि त्यानंतर त्यांनी तिचं तोंड बघितलं नव्हतं. बाई आबांना म्हणाल्या, "पोरगं शाळेत यायला पाहिजे. ही ठेवा. मिलिंद मागेल तेव्हा परत द्यायची, एवढंच."

आबांनी सायकलीभोवती एक फेरी मारली. बाजारात जनावराचे दात बघतात तसे वाकून टायर बघितले. मग हँडल दोन्ही हातांनी धरून हलवलं आणि निकाल दिला, "शिंगं चांगली हायत."

पुढचं सगळं या एका वाक्यातून घडलं.

त्या वर्षी पोळ्याला आबांनी आमच्या बैलजोडीची, तांबड्या आणि मोऱ्याची, शिंगं हिरवी रंगवली. डब्यात थोडा रंग उरला. रंग वाया घालवणं आबांच्या स्वभावात नव्हतं, आणि भिंतीला टेकून तिसरी शिंगं उभीच होती. त्यांनी हँडल रंगवलं. तरी रंग उरला, म्हणून दांड्या रंगवल्या. आणि रंगवलीच आहे तर तिला घरी एकटी कशाला ठेवायची, म्हणून मिरवणुकीत आणली. गावाच्या तोरणाखालून आधी तांबड्या गेला, मग मोऱ्या गेला, आणि त्यांच्यामागून हँडलला गोंडा आणि गळ्यात घुंगरमाळ घातलेली बी.एम.एक्स. धरून मी गेलो. माझी मान इतकी खाली होती की तोरण कशाचं बांधलंय ते मला दिसलंच नाही. बाईंच्या घरी पोळा नसतो, पण आबांनी आग्रहाने बोलावलं म्हणून त्या आल्या होत्या. पारापाशी पदर तोंडाला लावून उभ्या होत्या. त्यांचे खांदे हलत होते. घरी आल्यावर मायने बैलांबरोबर सायकलीलाही ओवाळलं आणि पुरणपोळीचा घास तिच्या सीटपुढे धरला. (तो मी खाल्ला. सायकलीच्या वतीने.)

गावात तिचं नाव पडलं 'आबाचं वासरू'. दर पोळ्याला बैलांना जो रंग, तोच वासराला. हिरव्यावर गुलाबी, गुलाबीवर पिवळा, पिवळ्यावर सोनेरी, सोनेरीवर जांभळा. दहावीपर्यंत सायकलीचं वजन वाढलेलं मला पायांना कळत होतं. दहावी झाल्यावर मी ती परत द्यायला बाईंकडे घेऊन गेलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "मिलिंदने मागितली का? नाही ना? मग ठेव." मी परभणीला कॉलेजात गेलो. सायकल चालवणारं घरात कुणी उरलं नाही, तरी आबा गेले त्या वर्षापर्यंत तिचा पोळा चुकला नाही.

आबांनंतर बैल विकले, शेत बटईने दिलं आणि माय सेलूला माझ्याकडे आली. येताना तिने जातं आणि सायकल एवढंच हट्टाने आणलं. मागच्या अंगणात सायकल उभी राहिली. हँडलवर कुरडयांचं कापड, सीटवर मिरच्यांचं सूप, असा तिचा निवृत्तीचा काळ चालला होता. तेवढ्यात बाईंचा फोन आला.

दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. बाई आता नांदेडला लेकीजवळ असतात.

"माणिक, ती सायकल आहे का रे अजून?"

"आहे बाई."

"मग रविवारी येतो बघायला. मिलिंद आलाय. त्याची मुलगी पण आहे."

फोन ठेवला आणि मग माझ्या लक्षात आलं. मिलिंद आलाय. 'मिलिंद मागेल तेव्हा परत द्यायची.' म्हणजे मागणारा माणूस निघाला होता! मी अंगणात जाऊन सायकलीकडे बाईंच्या नजरेने बघितलं. चाकं गंजलेली, रंगाचे पोपडे सुटलेले, साखळीत मिरचीचं बी. बाईंनी कोरी करकरीत सायकल दिली होती, आणि शिकून सवरून ग्रंथपाल झालेला मी त्यांच्या हातात हे ठेवणार होतो. बाई काही बोलणार नाहीत हे मला माहीत होतं. त्या नुसत्या बघतील. आणि मग कदाचित ते वाक्य म्हणतील.

मी ठरवलं की सायकल बाईंनी दिली होती अगदी तशी करून परत द्यायची. रविवारच्या आत.

अडचण एकच होती. मी आयुष्यात पाना हातात धरला नव्हता. म्हणून मोबाइलवर जुन्या बी.एम.एक्स. सायकली नव्या कशा करतात ते बघितलं. त्यात एक दाढीवाला गोरा माणूस कुणाशीही न बोलता काम करत होता. त्याच्या भिंतीवर सगळी अवजारं टांगलेली होती. गंजका सांगाडा त्याच्या टेबलावर आला आणि माझा चहा संपेपर्यंत आरशासारखा चमकायला लागला. मला वाटलं, यात अवघड काय आहे? एक गोष्ट माझ्या उशिरा लक्षात आली. त्या माणसाला आई नव्हती. म्हणजे असेल, पण व्हिडिओत नव्हती. बायको नव्हती. आणि शेजारी ढगे काका तर नव्हतेच.

ढगे काकांचा जन्म जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढतात त्या गिरणीत, वजनकाट्यावर गेला. निवृत्त झाल्यापासून ते माझ्या अंगणात काटा लावून बसतात. मी पहिला नट फिरवताच ते भिंतीवरून डोकावले. "काय करायलाव, सर?" मी सांगितलं. ते म्हणाले की हे काम त्यांनी लय बघितलंय. (बघितलंय. केलंय असं ते म्हणाले नाहीत. हेही माझ्या उशिराच लक्षात आलं.)

चाक खोलताच आतले छर्रे अंगणभर पळाले. ते गोळा करून मी पहिली रिकामी दिसली त्या बरणीत टाकले. ती लोणच्याची होती, आणि तेवढी रिकामी नव्हती. छर्रे डिझेलने धुऊन गाळायला चाळणी घेतली. संध्याकाळी मायने भाकरीचा तुकडा मोडला, वास घेतला आणि कुणाकडेही न बघता म्हणाली, "आज भाकरीला टॅक्टरचा वास यायलाय." मी पाणी प्यायलो आणि विषय बदलला.

हँडलचा गंज काढायला काकांनी चिंच सुचवली. तिने तांब्याची भांडी लख्ख निघतात, तर हे काय चीज आहे! मी वर्षाची साठवलेली चिंच भिजवली, कोळ हँडलला फासला आणि वरून फडकं गुंडाळलं. गंज होता तिथेच राहिला. मुंग्या मात्र आल्या, आणि त्या साध्या नव्हत्या, वरातीने आल्या. जेवताना वरण पाणचट लागलं म्हणून मी काही बोलणार, तोच माझी बायको रेखा म्हणाली, "हँडलला चटणी लावून उरली असंल तर इकडं द्या. तुमच्या वरणात टाकते."

इथवर फक्त स्वयंपाकघराचं नुकसान होतं. मग मी रंग खरवडायला बसलो.

वरचा जांभळा निघाला, त्याखाली सोनेरी लागला. सोनेरी निघाला, त्याखाली पिवळा. माय बाजेवर बसून बघत होती. प्रत्येक रंग लागला की ती त्याची ओळख सांगायची. हा मोऱ्याच्या पायाला लागलं होतं त्या सालचा. हा तुझी बहीण सासरी गेली त्या सालचा, रंग घट्ट झाला होता म्हणून तुझ्या आबाने त्यात गोडंतेल घातलं होतं. ग्रंथपाल असून मला कळलं नाही की एक अख्खा ग्रंथ मी पॉलिश पेपरने घासत होतो. माझं सगळं लक्ष रविवारकडे होतं. शेवटी माय उठून माझ्याजवळ आली.

"उगं खरवडू नको, माणिक. त्यात तुझ्या आबाचा हात हाय."

"माय, मूळ रंग लागला की थांबतो."

मी थांबलो नाही, कारण मूळ रंग लागला नाही. म्हणजे लागला असेल, पण मी इतक्या घाईत होतो की तो कधी आला आणि कधी गेला ते मला दिसलं नाही. गुलाबी, हिरवा, आणि एकदम लोखंड! (एवढ्या वेगाने मी एकही पुस्तक वाचलेलं नाही.)  मायने खाली पडलेली रंगाची भुकटी पदराने सारखी केली आणि आत गेली. त्या दिवसापासून ती सायकलीबद्दल बोलायचीच बंद झाली, आणि मायचं न बोलणं हे बाईंच्या रेघेच्या जवळपास जातं.

आता सायकल कोणत्या रंगाची होती हा प्रश्न उभा राहिला. माझ्या आठवणीत ती लाल होती. मायने मौन सोडून एकच शब्द उच्चारला, "निळी." रेखा म्हणाली की तिच्या लग्नाआधीच्या भानगडीत तिला ओढू नका. बाईंना सरळ विचारावं तर मी काय करून बसलोय ते उघडं पडणार. म्हणून मी आडून फोन केला.

"बाई, मिलिंददादांना रंग कोणता आवडतो हो?"

पलीकडून बाईंनीच विचारलं, "कुणाचं लग्न ठरवतोस का?"

"नाही, सहज."

"आजकाल तर पांढरंच घालतो बाबा."

झालं! पांढरा ठरला. पांढऱ्यावर कुणी हरकत घेत नाही, असा मी विचार केला.

रंग द्यायला मी अंगणात बसलो. इथे सेलूच्या बाहेरच्या वाचकांना एक सांगायला हवं. दिवाळी झाली की आमच्याकडे जिनिंग सुरू होतात आणि मग कापूस फक्त गाड्यांतून येत नाही, हवेतूनही येतो. तारांवर, पत्र्यांवर, भुवयांवर, चहाच्या सायीवर त्याचं तूस बसतं. त्या दिवसांत इथलं शेंबडं पोरसुद्धा बाहेर कपडे वाळत घालायच्या आधी वारं बघतं. मीही बघितलं. म्हणजे ढगे काकांना बघायला लावलं. ज्यांचा जन्म जिनिंगमध्ये गेला त्यांच्याहून मोठा अधिकारी मी कुठून आणणार? काकांनी बोट ओलं करून हवेत धरलं आणि म्हणाले, "वारं पडलंय. द्या बिनघोर."

मी दिला. सुंदर बसला. रंग वाळेपर्यंत आम्ही दोघं अंगणात सायकलीकडे पाठ करून चहा पीत बसलो आणि काका मला जिनिंगच्या जुन्या गोष्टी सांगत राहिले. दुपार कलल्यावर मी जाऊन दांडीवर हात फिरवला. मऊ लागली. मला आधी समाधानच वाटलं, की बघा, किती मुलायम फिनिशिंग आलंय! मग हात उलटा फिरवला. केस उभे राहिले. आधी सायकलीचे, मग माझे.

पांढऱ्या ओल्या रंगावर पांढरा कापूस बसत होता तो दिसणार कसा? सायकल पुढच्या चाकापासून मागच्यापर्यंत लोकरीने भरली होती. उन्हात उभी असलेली ती हुबेहूब चरून आलेली मेंढी वाटत होती.

रेखा दारात आली. तिने कमरेवर हात ठेवून पुष्कळ वेळ बघितलं आणि विचारलं, "दूध देती का?"

काका भिंत ओलांडून आले. त्यांनी चिमटीत लोकर धरली, ओढून ताणून बघितली, उजेडाला धरली. त्यांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी कामाचं तेज आलं. "माल चांगला हाय, सर. धागा लांब हाय."

शनिवार उजाडला. मी माझं दाढीचं सामान काढलं आणि सायकलीची हजामत केली. लोकर गेली, पण खुंट राहिले. त्यावर दुसरा हात द्यायचा होता आणि अंगणावर माझा विश्वास उरला नव्हता. म्हणून सायकल पुढच्या खोलीत घेतली आणि वरून मच्छरदाणी बांधली. आत मी आणि सायकल. वासाने घरातल्या सगळ्यांची डोकी धरली. एक ओळखीचे गृहस्थ पुस्तक मागायला आले, त्यांनी मच्छरदाणीत बसून पुटपुटणारा मी बघितला आणि पुस्तक न मागता गेले. मी कोपरा सोडवायला गेलो तशी मच्छरदाणी ओल्या रंगावर बसली. ती अलगद सोडवली, पण दांड्यांवर तिची बारीक नक्षी उठली ती उठलीच. आता सायकल लोकरवाल्या मेंढीसारखी दिसत नव्हती. नुकत्याच कातरलेल्या, आणि त्याचा धक्का न ओसरलेल्या मेंढीसारखी दिसत होती.

रविवारी सकाळी मी पेढे आणायला बाजारात गेलो. एवढाच काय तो वेळ मी सायकलीला नजरेआड केलं. परत येऊन बघतो तर हँडलची एक बाजू गुलाबी, दुसरी हिरवी. मुठींना गोंडे. आणि पुढच्या नळीवर, अजून ओल्या असलेल्या माझ्या पांढऱ्या रंगात, हळदी-कुंकवाची बोटं आणि त्यावर तांदूळ. पक्के चिकटलेले. शेजारी माय हाताला लागलेला रंग माझ्याच थिनरने पुसत होती. आबांनी शिंगांसाठी वापरलेले शेवटचे डबे तिने गावाहून येताना जात्याबरोबर आणले होते, आणि इतकी वर्षं धान्याच्या कोठीमागे ठेवले होते, हे मला तेव्हा कळलं.

"माय, हे काय केलंस?"

"पाव्हणे यायलेत अन् ही अशी बोडकी उभी हाय. शिंगं तरी रंगवली."

मी चिंधी आणि थिनर घेऊन हँडलकडे झेप घेतली. तेवढ्यात दारात गाडीचं दार वाजलं.

बाई काठी टेकत आल्या. केस सगळे पांढरे झालेत, बाकी नजर तीच. मागून मिलिंददादा आले. पँट काळी कुळकुळीत! (पांढरा फक्त सदरा होता. हे बाईंनी फोनवर सांगितलं नव्हतं.) आणि त्यांच्यापुढे पळत त्यांची मुलगी प्रज्ञा. ती थेट सायकलीपाशी गेली, तिने वरून खालपर्यंत बघितलं आणि तिचा चेहरा पडला.

"आजी, ही ती नाहीये. ही तर नवीन आहे."

(या सगळ्या प्रकरणात माझ्या कामाची झालेली ही एकमेव स्तुती.)

मग हळूहळू उलगडलं. मिलिंददादांना सायकल नकोच होती. ते म्हणाले की तिच्याकडे बघितलं तरी त्यांचा गुडघा अजून दुखतो. झालं होतं असं, की एका गावात बैलांच्या मागून सायकल पोळ्यात फिरायची आणि दरवर्षी तिला बैलांचा रंग मिळायचा, ही गोष्ट बाईंनी नातीला सांगितली होती, आणि नात म्हणाली होती की आजी काहीही बनवून सांगते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुकांखाली रेघा ओढलेल्या बाईंना नातीने खोटं ठरवलं होतं. म्हणून त्या एवढ्या लांबून तिला ते रंग दाखवायला आल्या होत्या. आणि त्यांचा पुरावा मी पॉलिश पेपरने घासून झाडून टाकला होता.

बाईंनी चष्मा सारखा केला. दांडीवरून सावकाश हात फिरवला. खुंटांवर तो अडखळला, नक्षीवरून गेला.

"रंग कुठं गेले?"

"काढले, बाई." माझा आवाज आठवीतला निघाला. "तुम्ही दिली होती तशी करायची होती."

"मी दिली तेव्हा ती निळी होती."

मायने माझ्याकडे बघितलं. मी मायकडे बघितलं नाही.

तेवढ्यात बाईंची नजर हँडलवर गेली. त्यांनी गुलाबी मूठ धरली. रंग ओला होता, बोटांना लागला. बोटं डोळ्यांजवळ नेऊन त्या बघत राहिल्या. "हे कुणी केलं?"

"म्या," माय म्हणाली.

"हे बरोबर आहे." बाई माझ्याकडे वळल्या. मिलिंददादा एव्हाना सायकलीला टेकले होते आणि त्यांच्या काळ्या पँटीवर पांढरा पट्टा उमटलेला मला स्वच्छ दिसत होता, पण माझं लक्ष बाईंच्या ओठांवर होतं. कारण पुढचं वाक्य कोणतं येणार ते मला माहीत होतं, आणि ते आलं.

"बाकीचं पुन्हा करून आण."

पेढे खाऊन सगळे गेले. सायकल इथेच राहिली. पुढचा पोळा झाल्यावर मी बाईंना हे पत्र पाठवलं.

आदरणीय बाई,

सविनय जयभीम.

तुम्ही सांगितलेलं काम सुरू केलं आहे. तुम्ही गेल्यावर मी सायकल उलटी करून बघितली. पेडलच्या नळीखाली अंगठ्याएवढी जागा खरवडायची राहिली होती. तिथे हात पोचत नव्हता असं मी घरात सांगितलं आहे. खरं म्हणजे मला कंटाळा आला होता. तेवढ्या जागेत सगळे रंग एकाखाली एक जसेच्या तसे आहेत. सगळ्यात खाली निळा आहे. माय मला त्यावरून एका शब्दाने बोलली नाही. फक्त पंचमीला तिने साडी निळी घेतली, आणि ती नेसून दिवसभर माझ्यासमोरून ये-जा केली.

प्रज्ञाला सांगा, तिची आजी खरं बोलते. त्या जागेचा फोटो मिलिंददादांना पाठवला आहे. त्यांच्या पँटीबद्दल मी अजून शरमिंदा आहे.

आधी निळा दिला, आणि या पोळ्याला त्यावर पहिला हिरवा. मी सगळे रंग लागोपाठ देऊन मोकळा होणार होतो, पण मायने डबे उचलून ठेवले. म्हणाली, एका पोळ्याला एकच, तुझा बाप काय एका दिवसात म्हातारा झाला व्हता का?

आमच्याकडे आता बैल नाहीत. गावातही थोडेच उरलेत, तोरणाखाली ट्रॅक्टर जास्त होते. त्या रांगेत मी सायकल घेऊन उभा राहिलो. गळ्यात तीच घुंगरमाळ होती. एक म्हातारे गृहस्थ डोळ्यांवर हात धरून म्हणाले, "आबाचं वासरू अजून हाय का?" मी हो म्हणालो. तोरण आंब्याच्या पानांचं असतं, बाई. या वेळी मी बघितलं.

दर पोळ्याला एक रंग, म्हणजे काम पूर्ण होईस्तोवर मी निवृत्त झालेला असेन. म्हणून एक विनंती. तब्येतीला जपा, औषधं वेळेवर घ्या. तपासायला तुम्हीच लागाल. दुसऱ्या कुणाची रेघ मला चालणार नाही.

आपला विद्यार्थी,
माणिक

ता.क. लोकर पूर्ण गेलेली नाही. पुष्कळ घासली, तरी हिरव्याखाली हाताला लागते. मी ती काढायला पुन्हा बसलो होतो, पण माय म्हणाली, "राहू दे. उद्या कुणी तुझ्यासारखा खरवडायला बसलाच, तर या सालचा रंग माणिकने दिला व्हता हे त्याला न सांगता कळंल."